रास्त किमतीची बाटली

वस्तूची किंमत आणि तिचे मोल ही एकच गोष्ट नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचून जितके पटते त्याहून अधिक ते इटलीतील एखाद्या दुकानात वाइनच्या फडताळासमोर उभे राहिल्यावर पटते. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या बाटल्या तेथे मांडलेल्या असतात. त्यांतली एक दोन युरोंची, दुसरी सहा युरोंची, तिसरी चाळीस युरोंची. रविवारच्या जेवणाला घरातील सहा माणसे जमणार आहेत, टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता हा मुख्य पदार्थ आहे आणि महिन्याचा पगार मोजका आहे. अशा कुटुंबाने यांतील कोणती बाटली घ्यावी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. तथापि दोन युरोंची बाटली घेणारा खरोखर काटकसरी ठरतो काय आणि चाळीस युरोंची घेणारा खरोखर रसिक ठरतो काय, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की शेतकरी, शेतमजूर, व्यापारी, जमीनमालक आणि सरकार ही सर्व मंडळी त्या बाटलीमागून एकेक करून पुढे येतात.

वाइनच्या किमतीकडे अशा दृष्टीने पाहणे ही काही नवी गोष्ट नाही. १८४३ च्या जानेवारीत तरुण मार्क्सने कोलोन येथील 'ऱ्हाइनिश त्साइटुंग' या पत्रात मोझेल नदीच्या खोऱ्यातील द्राक्षबागायतदारांच्या हलाखीची बाजू मांडली होती. पुढे १८५९ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत, आर्थिक प्रश्नांच्या अभ्यासाकडे वळण्यास जी निमित्ते घडली त्यांत मोझेलच्या शेतकऱ्यांच्या स्थितीवरील वादाचाही त्याने उल्लेख केला. सारांश, स्वस्त वाइन कोणाच्या कष्टावर स्वस्त होते, हा प्रश्न समाजवादी विचाराच्या अगदी उगमापाशी उभा आहे.

येथे एक आक्षेप साहजिकच उपस्थित होईल. ज्या महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी 'आडव्या बाटली'ला मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, तेथील कार्यकर्त्यांनी वाइनच्या निवडीचा विचार का करावा? आक्षेप अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ च्या जानेवारीत निःसंदिग्धपणे सांगितले की, आरोग्यास पूर्णतः निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा ज्या घरात वाइन नाही त्या घरात ती आणण्याचे कारण नाही, आणि जेथे आहे तेथेही पाण्याचा तांब्या आधी ठेवला जावा, हेच योग्य. परंतु इटलीतील जेवणाच्या मेजावरची वाइन आणि आपल्याकडील गुत्त्यावरची दारू यांचा सामाजिक इतिहास भिन्न आहे. तेथे ती शतकानुशतके अन्नाचा भाग मानली गेली. जी वस्तू लक्षावधी कुटुंबे विकत घेतात आणि जिच्यावर लक्षावधी शेतकरी-मजुरांचे पोट चालते, तिचे अर्थशास्त्र समजून घेणे म्हणजे तिची भलावण करणे नव्हे.

हा इतिहास थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे. तोस्काना प्रांतातील द्राक्षबागा दीर्घकाळ बटाईने कसल्या जात. जमीन मालकाची, श्रम कुळाच्या सगळ्या कुटुंबाचे आणि पीक निम्मे-निम्मे, अशी ती पद्धत. कुळाच्या वाट्याची चांगली वाइन बहुधा विक्रीला जाई आणि घरच्यांसाठी पिळून उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतून केलेले एक पातळ पेय उरे. ज्यांनी द्राक्षे पिकवली त्यांच्या वाट्याला चोथ्याचे पाणी यावे, यात आपल्याकडील कुळांना अपरिचित असे काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी दिलेल्या लढ्यांमुळे ही पद्धत खिळखिळी झाली. १९६४ च्या कायद्याने बटाईचे नवे करार करण्यास मनाई झाली आणि जुन्या करारांत कुळाचा वाटा ५८ टक्क्यांवर नेण्यात आला. पुढे १९८२ च्या कायद्याने उरलेल्या बटाईचे खंडाच्या करारात रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. खेड्यांतून माणसे कारखान्यांकडे गेली, खाण्यापिण्याच्या सवयी पालटल्या आणि १९७० च्या सुमारास वर्षाला दरडोई शंभर लिटरहून अधिक असलेला इटलीतील वाइनचा खप आता निम्म्याहूनही खाली आला आहे. रोजचे पेय होते ते प्रसंगाचे झाले. प्रसंग आला की प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठा आली की किंमत चढवण्यास व्यापाऱ्याला वाव मिळाला.

म्हणूनच ग्राहकाचा पहिला भ्रम असा की, जे महाग ते चांगले. या भ्रमाची परीक्षा झालेली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात किंमत आणि नाव झाकून सहा हजारांहून अधिक वेळा वाइन चाखवण्यात आली. बाटल्यांच्या किमती १.६५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत होत्या. विशेष शिक्षण न घेतलेल्या सामान्य माणसांना महागडी वाइन अधिक आवडली नाहीच, उलट किंचित कमी आवडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच डॉलरची वाइन एकदा पाच डॉलरची म्हणून आणि पुन्हा पंचेचाळीस डॉलरची म्हणून त्याच माणसांना दिली. वाइन तीच, जीभ तीच. पण किमतीचा आकडा मोठा सांगताच चव अधिक चांगली असल्याचे लोकांनी सांगितले. मेंदूच्या ज्या भागात सुखाची नोंद होते तेथील हालचालही वाढलेली आढळली. अर्थात ते खोटे बोलत नव्हते. किमतीने त्यांच्या चवीवरच ताबा मिळवला होता. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

मग चाळीस युरोंच्या बाटलीत ती जादा किंमत कशाची असते? तिचा काही भाग खऱ्या खर्चाचा असतो, हे मान्य केले पाहिजे. कमी पीक घेऊन द्राक्षे अधिक रसदार ठेवणे, वाइन वर्षानुवर्षे तळघरात राखणे, यांत पैसा अडकतो. ओक लाकडाच्या लहान पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे तीनशे बाटल्या. असे नवे फ्रेंच पीप कित्येक शे युरोंना पडते, म्हणजे बाटलीमागे काही युरोंचा बोजा केवळ लाकडाचा होतो. पण उरलेला मोठा भाग नावाचा आणि जागेचा असतो. पिएमोन्ते प्रांतातील बारोलोच्या नामांकित टेकड्यांवर एका हेक्टर द्राक्षबागेला दहा लाख युरोंहून अधिक भाव येतो. जमीन महाग म्हणून वाइन महाग, असे विक्रेता सांगतो. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वीच याचे उत्तर दिले आहे. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग विकले जाते म्हणून खंड द्यावा लागतो. बारोलोलाही हाच नियम लागू पडतो. पास्त्याच्या घरगुती जेवणासाठी ही बाटली आणणाऱ्याने पैशाचा मोठा हिस्सा जमीनमालकाच्या खंडापोटी मोजलेला असतो.

याच्या उलट भ्रम असा की, जे सर्वांत स्वस्त ते सर्वांत काटकसरीचे. हा भ्रम अधिक घातक आहे, कारण तो गरिबाला फसवतो आणि गरिबाकडूनच दुसऱ्या गरिबाला लुबाडतो. साधा हिशेब मांडून पाहावा. इटलीत वाइनवर अबकारी कर नाही, परंतु २२ टक्के मूल्यवर्धित कर आहे. दोन युरोंच्या बाटलीतून हा कर वजा जाता १.६४ युरो उरतात. दुकानदाराचा वाटा त्याच्या चौथाई धरला तर उरतात १.२३. काच, बूच, चिठ्ठी, खोके, भरणी आणि वाहतूक यांचा खर्च समजा नव्वद सेंट. शेवटी उरतात तेहतीस सेंट. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षे लागतात. या तेहतीस सेंटांत द्राक्षे, ती तोडण्याची मजुरी, वाइन करण्याचा खर्च आणि सर्वांचा नफा बसवायचा असतो. आता हाच हिशेब सहा युरोंच्या बाटलीला लावावा. कर आणि दुकानदाराचा वाटा त्याच प्रमाणात आणि काच-बूच-वाहतूक तितकीच धरली तर द्राक्षे आणि श्रम यांसाठी सुमारे २.७९ युरो उरतात. ग्राहकाने तिप्पट पैसे मोजले, पण बाटलीतील वस्तूच्या वाट्याला आठपटींहून अधिक रक्कम आली. यांतील आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी तत्त्व पक्के आहे. बाटलीचा वरखर्च जवळपास ठरीव असल्याने खालच्या पायरीवर वाढवलेला प्रत्येक युरो मुख्यतः वाइनमध्ये जातो, आणि वरच्या पायरीवर वाढवलेला प्रत्येक युरो मुख्यतः नावात जातो. निवडीची सारी किल्ली या एका वाक्यात आहे.

फार स्वस्त वाइनचे परिणाम केवळ चवीपुरते राहत नाहीत. १९८६ च्या मार्चमध्ये उत्तर इटलीत स्वस्त वाइन प्यायलेली माणसे दगावू लागली. तेवीस जण मृत्युमुखी पडले, कित्येकांची दृष्टी गेली. पिएमोन्तेतील नार्त्सोले या गावच्या व्यापाऱ्यांपर्यंत तपासाचा माग पोहोचला. वाइनमध्ये मिथाइल अल्कोहोल मिसळलेले आढळले. असे का केले जावे? ठोक बाजारात साध्या वाइनचा भाव तिच्या मद्यांशावर ठरतो. शंभर लिटर आणि मद्याचा एक अंश हे तेथील मोजमापाचे परिमाण आहे. वाइन पांचट निघाली की भाव पडतो. मद्यांश वाढवण्यासाठी साखर घालण्यास इटलीच्या कायद्याने बंदी होती आणि मिथाइल अल्कोहोल स्वस्त होते. विष स्वस्त आणि अंशाला भाव, एवढ्या दोन गोष्टी नफेखोराला पुरल्या. आपल्याकडे विषारी दारूने माणसे मरतात तेव्हा दोष व्यसनाला दिला जातो. येथे मेलेली माणसे तर दुकानातून जेवणासाठी साधी बाटली घेऊन गेली होती. त्यांचा दोष असेल तर एवढाच की, त्यांना परवडणारी बाटली तीच होती.

जॉर्ज अकर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, जेथे चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक विकणाऱ्याला ठाऊक असतो पण घेणाऱ्याला कळत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. १९८६ साली नेमके हेच घडले. भेसळ मूठभरांनी केली, पण निर्यात कोसळली आणि बार्बेरा जातीची द्राक्षे पिकवणाऱ्या निरपराध शेतकऱ्यांनाही त्याचा फटका बसला. त्यानंतर इटलीने तपासणी कडक केली आणि परिमाणाकडून गुणवत्तेकडे मोहरा वळवला. आज दुकानातील स्वस्त बाटली विषारी नसते, हे त्या तेवीस मृत्यूंनंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे फळ आहे. बाजार आपोआप शुद्ध होत नसतो.

बाटलीतील विष गेले, परंतु मळ्यातील अन्याय गेला असे म्हणता येत नाही. दक्षिण इटलीत शेतमजूर पुरवणारे मुकादम आहेत. हा शब्द मराठी वाचकाला, विशेषतः ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्याला, समजावून सांगण्याची गरज नाही. मजूर गोळा करणे, त्यांना बसने मळ्यावर नेणे आणि त्यांच्या मजुरीतून आपला हिस्सा कापून घेणे हा त्यांचा धंदा. जुलै २०१५ मध्ये पुल्या प्रांतातील आंद्रिया शहराजवळच्या एका द्राक्षमळ्यात ४९ वर्षांची एक मजूर स्त्री काम करता करता कोसळली आणि मरण पावली. पहाट होण्यापूर्वीच निघून शंभराहून अधिक किलोमीटरचा बसप्रवास करून ती कामावर आली होती. ती द्राक्षे खाण्याची होती, वाइनची नव्हती. परंतु मजूर तेच, मुकादम तेच आणि ऊनही तेच. त्या मृत्यूने देश हळहळला आणि २०१६ चा १९९ क्रमांकाचा कायदा झाला. त्याने केवळ मुकादमालाच नव्हे, तर त्याच्यामार्फत मजुरांची पिळवणूक करणाऱ्या मालकालाही गुन्हेगार ठरवले. कायद्याचा अंमल सर्वत्र सारखा नाही. म्हणूनच तेहतीस सेंटांचा हिशेब ग्राहकानेही विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. पास्त्याला कोणती लाल वाइन जुळते, हे ठरवण्यास मोठे रसिकत्व लागत नाही. वरणभाताला लिंबू का लागते हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. टोमॅटो आंबट असतो. त्याच्याहून कमी आंबट वाइन त्याच्यासोबत मचूळ लागते, म्हणून वाइनला स्वतःचा आंबटपणा हवा. दुसरा गुण तुरटपणाचा. द्राक्षाच्या साली आणि बिया यांतून तो येतो आणि काथासारखा जिभेला धरतो. मांसातील प्रथिने आणि चरबी त्याला मऊ करतात, म्हणून भाजलेल्या मांसासोबत तुरट वाइन शोभते. नुसत्या टोमॅटोच्या सॉसवर मात्र ती कडवट होते. सॉसमध्ये मिरची असेल तर तुरटपणा आणि चढा मद्यांश दोन्ही अधिकच जाळतात. थोडक्यात, आंबटपणा पुरेसा, तुरटपणा बेताचा, लाकडाचा वास नको आणि वयाने तरुण, अशी वाइन पास्त्याला हवी. योगायोगाने हीच वाइन करण्यास सर्वांत कमी खर्च येतो. पीप नको, तळघरातील वर्षे नकोत. पास्त्याला जे चांगले तेच परवडणारे आहे, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

द्राक्षाच्या जाती पाहिल्या तर निवड आणखी सोपी होते. साध्या टोमॅटो-तुळशीच्या सॉसला पिएमोन्तेची बार्बेरा उत्तम, कारण तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा अल्प असतो. तोस्काना आणि रोमान्या या प्रांतांतील सांजोव्हेसे हे द्राक्ष टोमॅटोला आणि खिम्याच्या सॉसला सारखेच चालते. कियान्ती वाइन मुख्यतः याच द्राक्षाची असते. डुकराच्या गालाचे मांस आणि टोमॅटो यांच्या आमात्रिचाना सॉसला आब्रुत्सो प्रांतातील मोन्तेपुल्चानो जातीची गडद, भरीव पण मवाळ वाइन शोभते. येथे एक सावधगिरी हवी. मोन्तेपुल्चानो हे तोस्कानातील एका गावाचेही नाव आहे आणि त्या गावची 'नोबिले' वाइन सांजोव्हेसेची असून बरीच महाग असते. नावाच्या सारखेपणामुळे भलतीच बाटली घरी येते. बोलोन्याच्या चरबीयुक्त खिम्याच्या सॉससोबत एमिलियातील लोक थंड केलेली, फेसाळ, लाल लांब्रुस्को पितात. परदेशात तिची गोड आवृत्ती खपते म्हणून तिची टिंगल होते, पण तिची कोरडी जात त्या जेवणाला जितकी साजते तितकी क्वचितच दुसरी. मासळीच्या किंवा तुळशीच्या हिरव्या सॉसच्या पास्त्यासोबत मात्र लाल वाइनचा हट्ट धरू नये.

बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली पाहिजे. इटलीने १९६३ साली मूळस्थानाच्या नावांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यातील वरच्या श्रेणीच्या बाटल्यांवर सरकारी टाकसाळीत छापलेली क्रमांकाची पट्टी असते. १९९२ च्या कायद्याने अधिक मोकळी अशी प्रादेशिक श्रेणी आणली. या श्रेण्या द्राक्षे कोठली आणि पद्धत कोणती याची हमी देतात, चवीची नव्हे. तरी अनोळखी माल घेणाऱ्याला एवढी हमीही मोलाची आहे. अकर्लोफने दाखवलेल्या रोगावर सरकारने दिलेले ते औषध आहे. चिठ्ठीवर हंगामाचे वर्ष असावे आणि ते मागील दोन-तीन वर्षांतील असावे. अधिक काळ मुरवल्याचे सांगणारा 'रिझेर्वा' हा शब्द पास्त्यासाठी अनावश्यक. स्वस्त बाटलीवर लाकडाच्या सुवासाची जाहिरात असेल तर तो सुवास बहुधा पिंपाचा नसून वाइनमध्ये बुडवलेल्या ओकच्या तुकड्यांचा असतो. युरोपात २००६ पासून त्याला परवानगी आहे. आणि बाटलीच्या जाड काचेला भुलू नये. काच पिता येत नाही.

चिठ्ठीवरील आणखी एक शब्द कार्यकर्त्याने विशेष शोधावा, तो म्हणजे सहकारी संस्थेचा. इटलीतील वाइनचा फार मोठा हिस्सा सहकारी तळघरांत तयार होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. दोन-चार हेक्टरांचे शेतकरी एकत्र येतात, सामाईक यंत्रे आणि टाक्या उभारतात, आणि सभासद आपली द्राक्षे तेथे घालतात. वजन आणि द्राक्षांतील साखरेचे प्रमाण यांवर भाव ठरतो. काही रक्कम आधी आणि उरलेली वाइन विकल्यावर हप्त्याने मिळते. सहकारी साखर कारखान्याचा सभासद हे वर्णन ऐकून चकित होणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेचा कारखाना १९५० साली गाळपास उभा राहिला. त्याच साली रेज्जो एमिलिया येथे सहकारी तळघरांच्या एकीतून 'रिउनिते' ही संस्था स्थापन झाली. लांब्रुस्को जगभर नेली ती तिने. आब्रुत्सोत १९६० साली तोल्लो गावच्या शेतकऱ्यांनी आपले तळघर काढले. रोमान्यातील फाएन्झा येथील 'काव्हिरो' या सहकारी संघाने १९८३ साली कागदी खोक्यातील 'ताव्हेर्नेल्लो' बाजारात आणली. उच्चभ्रू तिला हसतात, पण लक्षावधी घरांत ती पोहोचली. याच रोमान्यात, सेनिओ नदीच्या काठी, ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून आणले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हा ही भूमी महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही.

सहकारी हे नाव म्हणजे पावित्र्याचा दाखला नव्हे, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? इटलीतही काही सहकारी संघ वाढता वाढता खाजगी कंपन्या विकत घेणाऱ्या कंपन्यांसारखेच वागू लागले, आणि काहींनी वर्षानुवर्षे निव्वळ वजन मोजून गुणांकडे दुर्लक्ष केले. तरीही दोन बाटल्या सारख्या किमतीच्या आणि सारख्या प्रतीच्या असतील, तर जिच्या नफ्याचा वाटा द्राक्ष पिकवणाऱ्याकडे परत जातो ती घ्यावी, यात संशय नसावा. अनेक सहकारी तळघरे सुटी वाइनही विकतात. ग्राहक आपले भांडे घेऊन जातो आणि लिटरमागे दोन-तीन युरोंत ते भरून आणतो. काच, बूच, खोके आणि दुकानदार हे सर्व वगळल्यामुळे ती स्वस्त असते, मजुरी कापल्यामुळे असावी लागत नाही. दोन स्वस्ताईंतला हा फरक ओळखणे हीच या विषयातील खरी साक्षरता.

या साऱ्याचा व्यवहारातील निष्कर्ष साधा आहे. सहा माणसांच्या पास्त्याच्या जेवणाला पाच ते आठ युरोंच्या दरम्यानची, मूळस्थानाची हमी असलेली, गेल्या दोन-तीन हंगामांतील, पीप न लागलेली बार्बेरा, सांजोव्हेसे किंवा आब्रुत्सोची मोन्तेपुल्चानो घ्यावी आणि शक्यतो सहकारी तळघराची घ्यावी. एका बाटलीत पाच-सहा पेले होतात. दोन बाटल्या पुरून उरतात, आणि न पिणाऱ्याला कोणी आग्रह करू नये. उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ थंड करावी, कारण कोमट लाल वाइनचा मद्यांश नाकात चढतो. उरलेली बूच लावून शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकते आणि पुढच्या खिम्याच्या सॉसमध्ये खर्ची पडते. सॉसमध्ये घालण्यासाठी वेगळी, पिण्यालायक नसलेली बाटली आणणे म्हणजे वाईट मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळवून देणे होय.

एका कुटुंबाच्या निवडीने बाजार बदलत नाही, हे खरे. तो कायद्याने, तपासणीने, मजुरांच्या संघटनेने आणि शेतकऱ्यांच्या सहकाराने बदलतो, आणि इटलीत जेवढा बदलला तेवढा याच मार्गांनी बदलला. पण ग्राहक जोवर महागाईपुढे दिपतो आणि अतिस्वस्ताईवर लुब्ध होतो, तोवर या चारही प्रयत्नांना बाजारातून साथ मिळत नाही. महाग बाटलीचे ओझे घेणाऱ्याच्या खिशावर पडते, फार स्वस्त बाटलीचे ओझे मळ्यातील मजुराच्या पाठीवर पडते. या दोहोंच्या मधली किंमत ती रास्त किंमत. ती शोधण्यास जिभेच्या शिक्षणापेक्षा हिशेबाचे शिक्षण अधिक लागते, आणि ते कष्टकरी कुटुंबांना देता येण्याजोगे आहे.